पावती म्हणजे परवाना नव्हे

आठवड्याचा बाजार ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे काही कायदा असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दिवस उजाडला, गाड्या आल्या, पाले ठोकली की बाजार भरला. सूर्य कलला की बाजार उठला. परंतु ज्या जमिनीवर तो भरतो ती कोणाच्या तरी मालकीची असते. ज्या रस्त्याच्या कडेला तो पसरतो त्या रस्त्यावर कोणाची तरी हुकमत चालते. आणि तेथे बसणाऱ्याला उद्या कोणी ‘ऊठ’ म्हटले तर त्याने कोणता कागद दाखवावा, हा प्रश्न त्याच्या पोटाचा असतो. या लेखात आम्हांस त्याच कागदाची फोड करावयाची आहे. तीही बाजारातल्या सर्वांची नव्हे. मुख्यतः बाजाराच्या टोकाला, भाजीपाला, मिरची नि किराणा यांच्या रांगा संपल्यावर, जुना माल मांडून जे बसतात त्यांची.

मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्यातला मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार यांची नावे दूरवर गेली आहेत. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात जुन्या बाजाराचे रूप निराळे आहे. तो आठवडे बाजाराच्या पोटातच राहतो. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बायका ते कपडे धुऊन, टाके घालून पुन्हा विकावयास आणतात. कोणी जुने पाने, पकडी, कुऱ्हाडीची पाती, सायकलीचे सुटे भाग मांडतो; कोणी चष्मे, कुलुपे, दुरुस्त केलेले मोबाइल; कोणी गेल्या वर्षाची शाळेची पुस्तके. घेणारे कोण? ज्यांना नवी वस्तू परवडत नाही ते सारे. पोराला शाळेचा गणवेश घ्यायचा आणि हातात शंभर रुपये आहेत, अशा माणसाचे दुकान तेच. म्हणून हा बाजार उठला तर नुकसान एकट्या विकणाऱ्याचे होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बाजारात बसणाऱ्या कोणालाही विचारा, ‘तुझा परवाना कोठे आहे?’ तो कमरेच्या पिशवीतून चुरगळलेली पावती काढून दाखवील. बाजार फी वसूल करणारा माणूस सकाळी येतो, जागा पाहतो, पावती फाडतो आणि पैसे घेऊन पुढे जातो. ही वसुली पुष्कळ ठिकाणी नगरपालिका किंवा ग्रामपंचायत स्वतः करीत नाही. तिचा लिलाव होतो आणि ज्याची बोली वरचढ त्यास ठेका मिळतो. पावतीवर शिक्का असतो, आकडा असतो, म्हणून विकणाऱ्यास वाटते की आपण सरकारदरबारी मान्य झालो. तसे नसते. पावती ही त्या दिवसाची फी भरल्याची खूण आहे. उद्याही येथेच बसू देऊ, असे वचन तिच्यात नाही; आणि ती जिच्या नावाने वसूल होते त्या संस्थेने या माणसास विक्रेता म्हणून मान्य केले आहे, असेही तीत लिहिलेले नसते. वीस वर्षे पावत्या फाडलेल्या माणसाचे नाव एकाही नोंदवहीत नाही, अशी उदाहरणे आमच्या पाहण्यात पुष्कळ आली आहेत.

तरीही पावती फेकू नये. तिचे खरे मोल पुढे कळते. आपण या जागी अमुक वर्षांपासून बसतो हे सिद्ध करावयाची वेळ आली, की साक्षीदार म्हणून हीच चिठोरी उभी राहतात. म्हणून आमचे सांगणे असे की, पावत्या तारखेवार एका दोऱ्यात ओवून ठेवाव्या, आणि त्यांच्या भरवशावर न राहता परवान्याच्या मागे लागावे.

परवाना कोणाकडे मागावयाचा, याचे उत्तर बाजार कोणाच्या हद्दीत भरतो त्यावर अवलंबून आहे. आपल्या जिल्ह्यात याचे तीन प्रकार पडतात. नंदुरबार, शहादा, तळोदे आणि नवापूर येथे नगरपरिषदा आहेत व धडगावला नगरपंचायत आहे. तेथे शहरी फेरीवाल्यांचा कायदा चालतो. बाकी खेड्यांत ग्रामपंचायत कायदा चालतो. आणि जी खेडी अनुसूचित क्षेत्रात मोडतात, तेथे ग्रामपंचायत कायद्याच्या जोडीला पेसा म्हणून ओळखला जाणारा कायदा येतो. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदे व नवापूर हे तालुके आणि नंदुरबार व शहादा तालुक्यांतली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. म्हणजे हा तिसरा प्रकार आपल्याकडे अपवादाचा नसून नित्याचा आहे. एकच माणूस आठवड्यात तीन बाजार करीत असेल, तर तो तीन निराळ्या कायद्यांच्या छत्राखाली बसतो आणि बहुधा त्यास एकाचीही खबर नसते.

प्रथम शहराचा कायदा पाहू. पदपथावर धंदा करणे हा गुन्हा की हक्क, यावर आपल्या देशात पुष्कळ वर्षे वाद चालला. सोदन सिंग यांच्या खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, रस्त्याच्या कडेला व्यापार करणे हा राज्यघटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे. मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतात, आणि अमुक एकच जागा मला द्या असा हट्ट कोणास धरता येणार नाही. पुढे २०१० साली गैंदा राम यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सरकारला ठराविक मुदतीत कायदा करण्यास सांगितले. मग संसदेने फेरीवाल्यांच्या उपजीविकेचे संरक्षण व पथविक्रीचे नियमन करणारा कायदा केला. त्यास ४ मार्च २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो त्याच वर्षी १ मे रोजी, म्हणजे कामगारदिनीच, अमलात आला. महाराष्ट्राने त्याखाली २०१६ साली नियम आणि २०१७ साली योजना केली.

या कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द ‘नियमन’ या शब्दाच्या आधी आला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. फेरीवाला कोण, याची त्याने केलेली व्याख्या ऐसपैस आहे. रस्ता, गल्ली, पदपथ, बाग किंवा दुसरी कोणतीही सार्वजनिक अथवा खाजगी जागा येथे, तात्पुरत्या मांडणीवरून किंवा फिरून, नित्याच्या वापराचा माल विकणारा किंवा सेवा देणारा तो फेरीवाला. माल नवा हवा असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. जुने कपडे विकणारी बाई आणि चावी बनविणारा कारागीर हे दोघेही या व्याख्येत बसतात. ‘तुमचा भंगारचा धंदा, तुम्ही फेरीवाले नव्हे,’ असे कोणी सांगितले तर ते ऐकून घेऊ नये.

कायद्याची रीत थोडक्यात अशी आहे. शहरात नगर पथविक्रेता समिती नेमावयाची. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष. तिच्यातले निदान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांत एकतृतीयांश बायका. या समितीने निदान पाच वर्षांतून एकदा शहरातल्या सर्व फेरीवाल्यांची पाहणी करावयाची. पाहणीत ज्यांची नावे आली, त्यांस विक्री प्रमाणपत्र व ओळखपत्र द्यावयाचे. हे प्रमाणपत्र म्हणजेच आपण ज्यास परवाना म्हणतो तो. एका शहरात किती जणांना सामावून घ्यावयाचे याचे मानही ठरले आहे: लोकसंख्येच्या अडीच टक्के. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहराची वस्ती १ लाख ११ हजारांच्या घरात होती. त्या हिशेबाने सुमारे २७७५ माणसांची सोय होऊ शकते. एखाद्या पट्ट्यात जागेपेक्षा माणसे जास्त झाली, तर तेथे चिठ्ठ्या टाकून जागा द्यावयाच्या आणि उरलेल्यांस जवळच्या पट्ट्यात सामावून घ्यावयाचे.

प्रमाणपत्र घेताना काही गोष्टी लिहून द्याव्या लागतात. धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचे माणूस करील. उपजीविकेचे दुसरे साधन मला नाही. आणि हे प्रमाणपत्र मी दुसऱ्यास भाड्याने वा अन्य रीतीने देणार नाही. ही शेवटची अट फार शहाणपणाची आहे. ती नसती तर चार पैसेवाल्यांनी पन्नास जागा आपल्या नावे करून गरिबांस रोजाने दिल्या असत्या. प्रमाणपत्रधारक वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्याची पत्नी किंवा पती, अथवा त्याच्यावर अवलंबून असणारे मूल, मुदत संपेपर्यंत ती जागा चालवू शकते. प्रमाणपत्रे देताना अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास वर्ग, स्त्रिया, अपंग आणि अल्पसंख्य यांस प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर शंभरांत ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत, तेथे या कलमाचा अर्थ काय होतो हे निराळे सांगावयास नको.

आता संरक्षणाचा भाग. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत असलेल्या फेरीवाल्यास उठविता येत नाही. त्यानंतरही जागेवरून हलवावयाचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटीस संपूनही कोणी हलला नाही तर त्यास दिवसास २५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो दंड जप्त केलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त असता कामा नये. माल जप्त केला तर त्याची सही केलेली यादी जागच्या जागी द्यावी लागते. दंड भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावयाचा असतो. जुन्या मालाच्या विक्रेत्यास यादीचे महत्त्व फार. टमाट्यांची पाटी मोजता येते. पण पोत्यात भरलेल्या शंभर निरनिराळ्या वस्तूंपैकी परत किती आल्या, हे यादीवाचून कोण सांगणार? म्हणून माल उचलला गेला की हातापाया पडण्याआधी यादी मागावी. तक्रारीसाठी स्वतंत्र समितीची तरतूद आहे आणि तिच्या अध्यक्षस्थानी पूर्वी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेली व्यक्ती असावी लागते.

हक्कांच्या जोडीला कर्तव्येही आहेत, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. आपली जागा स्वच्छ ठेवणे, ठरलेली फी भरणे, सार्वजनिक नळ-दिव्यांची नासधूस न करणे, आणि जागा वेळेच्या वाटणीवर मिळाली असेल तर वेळ संपताच सगळा माल उचलून ती मोकळी करणे. प्रमाणपत्रावाचून किंवा त्याच्या अटी मोडून विकणाऱ्यास २००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रस्त्यात अडथळा केला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याचे १०२ वे कलम आहेच. मात्र जो आपल्या प्रमाणपत्राच्या अटीप्रमाणे वागतो त्यास पोलिसाने किंवा दुसऱ्या कोणीही अडवू नये, असे २०१४ च्या कायद्याचे २७ वे कलम स्पष्ट सांगते. रेल्वेची जमीन मात्र या कायद्याच्या बाहेर आहे. स्थानकाच्या आवारात बसणाऱ्याने नगरपरिषदेचे प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. तेथे रेल्वेचा कायदा चालतो.

येथे आमच्या मते आठवडे बाजाराची खरी मेख आहे. पाहणी करणारे कर्मचारी वही घेऊन निघतात ते कोणत्या दिवशी? बाजाराचा दिवस सोडून निघाले, तर रोज त्याच कोपऱ्यावर उभी असणारी पावभाजीची गाडी त्यांस दिसते. पण आठवड्यातून एकदा बसणारी बाई त्या दिवशी दुसऱ्याच गावच्या बाजारात असते. वहीत तिचे नाव चढत नाही. आणि ज्याचे नाव पाहणीत नाही, त्यास वर सांगितलेल्या संरक्षणांपैकी एकही सहजी मिळत नाही. वास्तविक कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ अशी संज्ञा आहे. विकणारे व घेणारे जेथे परंपरेने जमत आले आहेत आणि समितीच्या शिफारशीवरून नगरपरिषदेने ज्यास तसे ठरविले आहे, तो नैसर्गिक बाजार. पाहणीत आढळलेल्या अशा बाजारास ‘विक्रीस मनाई’ असलेले क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. वेळेच्या वाटणीने जागा देण्याची सोयही कायद्यातच आहे. नंदुरबार शहरात ‘मंगळबाजार’ हे एका भागाचे नावच होऊन बसले आहे. याहून परंपरेचा पुरावा दुसरा कोणता हवा? तेव्हा मागणी एवढीच की, आठवडे बाजाराची पाहणी बाजाराच्या दिवशी व्हावी, आणि ती पुढच्या रांगांत न थांबता जुन्या मालाच्या टोकापर्यंत जावी.

आता खेड्याकडे वळू. २०१४ च्या कायद्यात ‘स्थानिक प्राधिकरण’ म्हणून महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत आणि छावणी मंडळ यांची नावे आहेत. ग्रामपंचायतीचे नाव नाही. म्हणजे खेड्यातल्या बाजारात पाहणी, प्रमाणपत्र, समिती यांपैकी काहीच नाही. तेथे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चालतो. बाजारावर व आठवडे बाजारावर फी बसविण्याचा अधिकार त्याने पंचायतीस दिला आहे. फीचा दर पंचायत ठरविते. ठेकेदार ठरवीत नाही. ठेकेदारास मिळतो तो फक्त ठरलेल्या दराने वसूल करण्याचा अधिकार. परंतु दराचा फलक बाजारात लावलेला नसला, की पोत्यावर बसलेल्या बाईकडून वीस आणि तंबू ठोकलेल्याकडूनही वीस, असा मनचा कारभार सुरू होतो. एका बाजारात तर पावतीवर एक आकडा आणि हातात घेतलेली रक्कम दुसरी, असाही अनुभव आम्ही घेतला आहे. तेथे भांडण करण्यापेक्षा विक्रेत्यांनी एकत्र जाऊन ठरावाची नक्कल मागितली, आणि नक्कल झाडाला टांगल्यावर वसुलीचा सूर आपोआप खाली आला. ठरावाची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, ज्यास लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात, लेखी अर्ज करून मिळते; न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, आणि वर गटविकास अधिकारी आहेत.

अनुसूचित क्षेत्रात याहून पुढची पायरी आहे. संसदेने १९९६ साली पंचायतींचा कायदा अनुसूचित क्षेत्रांना लागू केला, तोच पेसा. त्यात असे म्हटले आहे की, गावचे बाजार, मग त्यांस कोणत्याही नावाने ओळखले जात असो, सांभाळण्याचा अधिकार योग्य त्या स्तरावरील पंचायतीस व ग्रामसभेस असला पाहिजे. महाराष्ट्राने या कायद्याखालचे नियम ४ मार्च २०१४ रोजी केले. शहरी फेरीवाल्यांच्या कायद्यास संमती मिळाली तो आणि हा दिवस एकच, हा निव्वळ योगायोग, पण बोलका. कोणत्याही नावाने, हे शब्द आमच्या सातपुड्यासाठीच घातले आहेत की काय असे वाटते. मोलगीच्या बाजारास कोणी बाजार म्हणेल, कोणी हाट म्हणेल. होळीच्या आधी भरतो तो भोंगऱ्या. आमचूर, महूची फुले, चारोळी घेऊन डोंगरातून उतरलेला माणूस त्याच बाजारात जुनी विळी नि जुने जाकीट घेऊन परत जातो. हा बाजार कोठे भरावा, फी किती असावी, वजनकाटे तपासले जावे की नाही, बायकांसाठी आडोसा कोठे असावा, हे ठरविण्यात ग्रामसभेचा शब्द चालला पाहिजे. मग बाजाराच्या वसुलीचा लिलाव ग्रामसभेपुढे न येता होत असेल, तर तो का, हे विचारण्याचा हक्क गावातल्या प्रत्येक मतदारास आहे.

धडगावचे उदाहरण यासाठी उद्‌बोधक आहे. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली की, रस्ते-दिवे सुधारण्याची आशा वाढते हे खरे. पण बाजाराच्या दृष्टीने पाहता ग्रामसभेच्या हातची सत्ता सुटते आणि फेरीवाल्यांचा कायदा लागू होतो. जुने छत्र गेले आणि नवे उघडले नाही, अशी मधली दशा टाळावयाची असेल, तर नगरपंचायतीतही समिती, पाहणी व प्रमाणपत्रे यांचा आग्रह विक्रेत्यांनीच धरला पाहिजे.

काही तरुण मंडळी आम्हांस विचारतात की, सुटीच्या दिवशी एखाद्या मैदानावर जुन्या वस्तूंचा बाजार भरवावयाचा असेल तर काय करावे? त्यांच्यासाठी क्रम असा आहे. आधी जमीन कोणाची ते सातबारा किंवा मालमत्तापत्रकावरून पाहावे आणि मालकाची लेखी संमती घ्यावी. शाळेचे मैदान असेल तर संस्थेचा ठराव घ्यावा. मग शहरात नगरपरिषदेकडे व गावात ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा, कारण जागा खाजगी असली तरी बाजार भरविणे ही खाजगी बाब राहत नाही. अर्जात दिवस, वेळ, विक्रेत्यांची संख्या, पाणी, शौचकूप, कचरा आणि वाहने उभी करण्याची सोय लिहावी. त्याची प्रत पोलीस ठाण्यास देऊन ना-हरकत मागावी. ध्वनिक्षेपक लावावयाचा असेल तर त्याची परवानगी निराळी. खाण्याच्या गाड्या येणार असतील तर त्यांची २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी आहे काय ते पाहावे. वजनावर विकणाऱ्याचा काटा वैधमापन खात्याने तपासून शिक्का मारलेला असावा. हा नियम भंगार घेणाऱ्यासही तितकाच लागू आहे. आणि शेवटी, विक्रेत्यांची एक नोंदवही ठेवावी. पहिल्या दिवसापासून नोंदवही असेल तर पुढे कोणी ‘हे कोण कोठले?’ असे विचारू शकत नाही.

जुन्या मालापुरता आणखी एक नियम आहे व तो फौजदारी आहे. चोरीची वस्तू आहे हे ठाऊक असता, किंवा तसे मानण्यास कारण असता, ती अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पूर्वी हेच दंडसंहितेच्या ४११ व्या कलमात होते. जुना बाजार म्हणजे चोरांचा बाजार, ही समजूत आपल्यात फार रुजली आहे. बहुतेकांचा धंदा सरळ असतो. पण सरळपणाला कागदाचा आधार नसला तर संशयाचा फास प्रथम गरिबाच्या गळ्यात पडतो. म्हणून जुना माल घेणाऱ्याने एक साधी वही ठेवावी: तारीख, वस्तू, कोणाकडून घेतली, त्याचे गाव, दिलेली किंमत, सही किंवा अंगठा. बिलावाचून मोबाइल घेऊ नये. त्याचा पंधरा आकडी क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर तपासता येतो. चाळीस पानांची ही वही ठाण्यात वकिलापेक्षा आधी उपयोगी पडते.

परवान्याचा आणखी एक उपयोग पैशाच्या बाजूने आहे. १ जून २०२० रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री स्वनिधी योजना फेरीवाल्यांस तारणावाचून कर्ज देते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढविण्यात आली आणि कर्जाचे तीन हप्ते १५ हजार, २५ हजार व ५० हजार असे ठरले. आसपासच्या खेड्यांतून येऊन शहराच्या हद्दीत विकणाऱ्यांनाही ती खुली आहे. प्रमाणपत्र नसेल तर नगरपरिषदेचे शिफारसपत्र लागते. बाजारात भांडवल सकाळी घेऊन संध्याकाळी व्याजासह फेडणाऱ्या माणसास या तीन हप्त्यांचे मोल काय, हे त्यालाच विचारावे.

आम्ही कामगार चळवळीत आयुष्य घालविले. शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली ती जमीन आणि मजुरी यांच्या प्रश्नावर. तेथे समोर मालक होता, त्याच्याशी बोलता येत होते, संप करता येत होता. बाजारात बसणाऱ्यास मालक नाही. तो संप करील तर उपाशी तोच राहील. त्याची बोलणी करावयाची ती नगरपरिषदेशी वा ग्रामसभेशी, आणि त्या बोलणीत त्याचे हत्यार एकच: यादीतले नाव. शेजारच्या गुजरातेत अहमदाबादचा रविवारचा गुजरी बाजार साबरमतीच्या काठी भरतो. नदीकाठच्या प्रकल्पात त्याची जागा जाण्याची वेळ आली, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनेने गुजरात उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला आणि २०१४ साली नदीकाठीच त्यांस नवी जागा मिळाली. संघटना नसती तर एकेकट्या विक्रेत्यास तो दरवाजा सापडलाही नसता. उलट मुंबईसारख्या शहरात २०१४ साली पाहणी होऊनही समितीवरील फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हावयास २०२४ चा ऑगस्ट उजाडला. कायदा झाला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी ही दहा वर्षे आठवावी.

दुकानदार आणि पादचारी यांची बाजूही ऐकली पाहिजे. दुकानदार म्हणतो, मी भाडे, कर, वीज भरतो आणि हा माझ्या दारात बसतो. पायी चालणारी म्हातारी म्हणते, मला चालावयास जागा नाही. दोघांचेही खरे आहे. पण त्यावर उपाय बाजार हुसकण्याचा नव्हे. पट्टे आखण्याचा आहे. जेथे आखणी असते तेथे दुकानाचे दार मोकळे राहते, रुग्णवाहिका जाते आणि बाईची चादरही राहते. आखणीवाचून रोजची धरपकड चालते, त्यात सर्वांचे हाल होतात आणि फायदा होतो तो फक्त मधल्यामध्ये हात ओले करणाऱ्याचा.

नगर पथविक्रेता समितीत फेरीवाल्यांखेरीज नगरपरिषद, पोलीस, रहिवासी संघ, व्यापारी मंडळ व स्वयंसेवी संस्था यांचेही सभासद असतात. तेव्हा हे काम बाजारात बसणाऱ्यांचे, आपले काय, असे म्हणून या व्याख्यानांस येणाऱ्या नागरिकांस मोकळे होता येत नाही. आपल्या शहरात ही समिती आहे काय, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, पाहणी कोणत्या दिवशी केली, आणि यादीत जुन्या मालाचे विक्रेते किती आहेत, हे चार प्रश्न एका कोऱ्या कागदावर लिहून मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावयास कोणत्याही पदवीची गरज नाही. कागदाची पोच मात्र घ्यावी.